बॅजवरचा आकडा

बुधवारी सकाळी सव्वादहाला वहिनींच्या कचेरीत सिस्टर आल्या. बसा म्हटलं तरी खुर्चीच्या कडेवरच टेकल्या. पर्स त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"परवा माझी चौकशी आहे," त्या म्हणाल्या. "आणि निकाल आधीच ठरलाय."

कचेरी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. वहिनींनी बावीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले होते. कुठला अपघात खरा आणि कुठला बनवलेला, हे ओळखण्यात हयात गेली. नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं, दारावर पाटी लावली, पण येणारेजाणारे त्यांना वहिनीच म्हणत. कारण त्यांच्याबरोबर कायम असणारे त्यांचे दीर त्यांना तशी हाक मारायचे. हे भाऊजी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बोलायला सावकाश, विचार करायला त्याहून सावकाश. हातात चित्रांची वही आणि कानावर पेन्सिल. वहिनींना एका जागी बसवत नसे. समोरचा माणूस बोलत असताना त्या खिडकीपासून कपाटापर्यंत येरझाऱ्या घालत. नव्या माणसाला वाटायचं, बाईंचं लक्ष नाही.

सिस्टरांनाही तसंच वाटलं, पण त्या सांगत राहिल्या. एका मोठ्या रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात त्या अठरा वर्षं होत्या. किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर तिथे एक बॅज असतो. आगपेटीएवढा, आत धातूच्या चकत्या. अंगावर किती किरणं पडली त्याची नोंद त्यात साठत जाते. दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातात आणि आकडे येतात. वर्षाला वीस ही मर्यादा. सिस्टरांचा आकडा अठरा वर्षांत कधी एकाच्या वर गेला नव्हता. या वेळी एकाच तिमाहीत सतरा आला होता.

"म्हणजे तुम्हाला काही झालंय का?" भाऊजींनी काळजीने विचारलं.

"मला काही झालेलं नाही. मी तिथे कुठे उभी असते, ते मला माहीत नाही का?" सिस्टर म्हणाल्या. "कुणीतरी माझा बॅज मुद्दाम मशीनखाली ठेवला."

मुद्दाम का, तेही त्यांनी सांगितलं. त्यांनी रुग्णालयातल्या बासष्ट नर्सना पंचवीस प्रश्नांचा एक कागद भरायला दिला होता. तपासण्या आणि किरणांविषयी कुणाला किती माहिती आहे ते बघायला. उत्तरं वाचून त्यांची झोप उडाली. एमआरआयमध्ये एक्स-रे असतात असं एकतीस जणींना वाटत होतं. मशीन बंद केल्यावरही खोलीत किरणं उरतात असं अठ्ठावीस जणींनी लिहिलं होतं. बॅज लावला की किरणं बाधत नाहीत, असं एकोणीस जणींनी. स्कॅनसाठी रंगद्रव्याचं इंजेक्शन देण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी का बघायची, हे निम्म्या जणींना सांगता आलं नव्हतं. हा अहवाल सिस्टर विश्वस्तांपुढे वाचणार होत्या. त्याच्या आठ दिवस आधी बॅजचा आकडा आला. संचालकांनी त्यांना विभागातून बाजूला केलं आणि अहवाल बारगळला. जी बाई दुसऱ्यांना सावधगिरी शिकवते तीच एवढी बेफिकीर, असं आता कँटीनमध्ये बोललं जात होतं.

वहिनी खिडकीशी थांबल्या. "त्या कागदांची उत्तरं नर्सना सांगितलीत?"

"सांगणार होते. कागद गोळा केले आणि दुसऱ्याच दिवशी आई पडली. खुब्याचं ऑपरेशन. बारा दिवस मी रजेवर होते. परत आल्यावर मेट्रननी माझं व्याख्यान दोनदा पुढे ढकललं."

"त्या बारा दिवसांत बॅज कुठे होता?"

"फळीवर. विभागाबाहेर भिंतीवर एक फळी आहे, तिच्यावर सगळ्यांचे बॅज टांगलेले असतात."

वहिनींनी कागदांचा गठ्ठा ठेवून घेतला आणि सिस्टरांना घरी जायला सांगितलं. चौकशीत सिस्टरांना आपल्या बाजूने एक माणूस नेमायची मुभा होती. ते नाव वहिनींचं पडलं, म्हणून रुग्णालयाची दारं त्यांना उघडी झाली.

*

दुपारी दोघं एक्स-रे विभागात पोहोचले. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर वाट बघून कंटाळलेली माणसं. सतत कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता, ट्रॉलीची चाकं कुरकुरत होती. फळी बोळातच होती, कुलूप नाही, पहारा नाही. आठ बॅज आणि त्यांच्याखाली एक बिननावाचा नववा. तो कुणी लावायचा नसतो, त्या जागी आपसूक किती किरणं पोहोचतात ते कळावं म्हणून तो तिथे असतो. त्याचा या तिमाहीचा आकडा नेहमीसारखाच होता.

"म्हणजे फळीवर काही घडलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "सिस्टरांचा एकटा बॅज इथून उठला आणि कुठेतरी गेला."

विभागाचा तंत्रज्ञ काटकुळा, चटपटीत माणूस होता. बोलताना हातातलं बॉलपेन टकटक वाजवत राहायचा. सिस्टरांचं आणि त्याचं पटत नव्हतं, हे त्याने स्वतःहून सांगून टाकलं. दार नीट न लावता एक्स-रे काढतो म्हणून त्यांनी त्याची दोनदा लेखी तक्रार केली होती. पण बॅज मशीनखाली ठेवल्याचा आरोप त्याने साफ उडवून लावला. मशीन किती सेकंद चाललं याची नोंद मशीन आपोआप ठेवतं, ती कुणाला पुसता येत नाही, असं त्याचं म्हणणं. वहिनींनी त्या बारा दिवसांची नोंद आणि रुग्णांचं रजिस्टर मागवून घेतलं. अर्धा तास त्या उभ्या उभ्याच दोन्ही ताडून बघत होत्या. सेकंदाचाही फरक निघाला नाही. रुग्ण नसताना मशीन एकदाही चाललं नव्हतं.

मग वहिनींनी लहान मुलांविषयी विचारलं. त्या दिवसांत अकरा मुलांचं स्क्रीनिंग झालं होतं. स्क्रीनिंग म्हणजे मुलाला बेरियमचं पांढरं औषध पाजायचं आणि ते घशातून पोटात उतरताना पडद्यावर हलत्या एक्स-रेने बघत राहायचं. एका फोटोला क्षण लागतो, याला काही मिनिटं. मूल तेवढा वेळ शांत पडून राहत नाही. सिस्टर असल्या की पट्ट्या बांधायच्या, नाहीतर बापाला किरणं अडवणारा शिशाचा एप्रन घालून मूल धरायला लावायच्या.

"आणि त्या नसताना?"

"वॉर्डातून मुलाबरोबर जी नर्स येईल ती धरायची." तंत्रज्ञाचं पेन थांबलं. "मी काचेमागे असतो, मला फक्त पडदा दिसतो. आत डॉक्टरसाहेब स्वतः उभे राहतात."

एप्रन किती, या प्रश्नावर तो दाराकडे बघू लागला. एप्रन दोन होते. एकाला चिरा गेल्याचं सिस्टरांनीच शोधून काढलं होतं, तो बदलून आणायला पाठवलेला. दुसरा होता. फळीजवळ कोण कोण दिसलं, हे मात्र त्याने पटकन सांगितलं. बॅज मोजायला आलेल्या मेट्रन आणि मुलांना घेऊन येणारी चिमणी सिस्टर.

मेट्रनची खोली एवढी आवरलेली होती की वहिनींना कुठे उभं राहावं कळेना. मेट्रननी जपून उत्तरं दिली. व्याख्यान पुढे ढकललं ते ड्यूट्या जमत नव्हत्या म्हणून. प्रश्नांचे कागद आपण पाहिले नाहीत, आणि मग जरा वेळाने, पाहिले, पण वरवर. आपल्या नर्सना काही येत नाही असं चारचौघांत वाचलं जाणार, हे त्यांना झोंबलं होतं, हे न बोलताही कळत होतं. बॅज फक्त विभागातल्या आठ जणांना मिळतात, वॉर्डातल्या नर्सना नाही, असं त्यांनी वहिनींच्या प्रश्नावर सांगितलं. तीस वर्षं असंच चालत आलं होतं.

बालविभाग वरच्या मजल्यावर होता. तिथल्या तात्पुरत्या नेमणुकीवरच्या नर्सला मुलं चिमणी सिस्टर म्हणायची, कारण सुई टोचताना ती ओठांनी हुबेहूब चिमणीसारखा आवाज काढायची. वय सत्तावीस-अठ्ठावीस. टेबलावर खारी बिस्किटं होती. कुणीतरी तिच्यासमोर चहा आणून ठेवला, तो तिने वास येताच लांब सरकवला. ती बोलत असताना भाऊजी सवयीने तिचा हात वहीत काढत बसले. उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली होती. लहानपणी दारात चेमटली, ती तशीच जुळली, असं तिने हसून सांगितलं.

अकरा मुलांपैकी बहुतेकांना तीच खाली घेऊन गेली होती. वहिनींनी विचारलं, एवढं किरणांत जायला भीती नाही वाटली?

"रक्षण घेतल्याशिवाय मी आत पाऊल टाकत नाही," ती म्हणाली.

सिस्टरांचं नाव निघाल्यावर ती, सिस्टर तसल्या नाहीत, एवढंच म्हणाली आणि एका मुलाची सलाईन बघायला उठली.

दोघं जिना उतरू लागले तशी ती मागून धावत आली. वरच्या पायरीवरच थांबली.

"एक विचारू का? बॅजवर जो आकडा येतो तो बॅजमध्येच राहतो ना? म्हणजे किरणं बॅजने शोषून घेतली, असंच ना? माणसाच्या अंगात तर काही जात नाही?"

"उद्यापर्यंत मी नीट विचारून सांगते," वहिनी म्हणाल्या. पोरगी मान हलवून परत गेली.

"नर्स असून एवढं साधं माहीत नाही," भाऊजी खाली उतरता उतरता म्हणाले. "सिस्टर म्हणत होत्या ते खरंच की."

वहिनी कठड्याला धरून मधल्याच पायरीवर उभ्या होत्या. वरून मुलांचं रडणं येत होतं आणि त्यात मध्येच चिमणीचा तो आवाज.

*

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनींनी ताट अर्ध्यावर सोडलं. भाऊजींना वाटलं, धागा सापडत नाही म्हणून चिडचिड चाललीय. त्यांनी आपल्या परीने विचार मांडला. मशीनची नोंद चोख आहे, तंत्रज्ञ सुटला. मेट्रनला मशीन चालवता येत नाही, त्याही सुटल्या. मग उरलं कोण?

"भाऊजी, आपण सकाळपासून चुकीचा प्रश्न विचारतोय," वहिनी म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्या तंत्रज्ञाच्या आधी विभागात हजर होत्या. अकरा मुलांच्या स्क्रीनिंगमधली जपून ठेवलेली चित्रं त्यांना बघायची होती. मुलांची नावं झाकून तंत्रज्ञाने ती एकेक करून पडद्यावर आणली. इवल्याशा बरगड्या, मणके, मधून उतरणारी बेरियमची पांढरी रेघ. डॉक्टरांची नजर त्या रेघेवर असते. वहिनी कडा बघत होत्या.

चौथ्या मुलाच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात एक पांढरट चौकट दिसली, तिरकी, आत एक गोल. भाऊजी म्हणाले, मुलाच्या गळ्यातलं लॉकेट असेल. सातव्या मुलाच्या चित्रात ती पुन्हा आली, या वेळी डाव्या कडेला. नवव्याच्या चित्रात तिचा अर्धा भागच दिसत होता.

"तीन वेगवेगळ्या मुलांच्या गळ्यात एकच लॉकेट?" वहिनींनी विचारलं.

त्याच नवव्या चित्रात खाली, मुलाच्या खांद्यावर, एका मोठ्या माणसाच्या हाताची हाडं होती. मूल घट्ट धरलेला हात. वहिनींनी भाऊजींना सांगितलं, जे दिसतंय ते जसंच्या तसं वहीत काढा, काही सुधारू नका. भाऊजी काढू लागले. अंगठा, तर्जनी, मधली दोन बोटं. मग त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी वहीचं आदल्या दिवशीचं पान उलटलं आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली.

दुपारभर वहिनी फोनवर होत्या. रुग्णालयांना किरणांबाबत सल्ला देणारे एक भौतिकतज्ज्ञ होते, त्यांना शुक्रवारी सकाळी यायची गळ घातली. संध्याकाळी त्या पुन्हा बालविभागात गेल्या, पण चिमणीची ड्यूटी संपली होती.

*

शुक्रवारी अकरा वाजता संचालकांच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टरसाहेब, म्हणजे संचालक, हेच क्ष-किरणतज्ज्ञही होते आणि चौकशीही त्यांच्याचपुढे होती. डाव्या हाताला मेट्रन, समोर सिस्टर. तंत्रज्ञ भिंतीला टेकून. फळीजवळ दिसलेली म्हणून चिमणीलाही साक्षीला बोलावलं होतं, ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. भाऊजी वही मिटून कोपऱ्यात.

डॉक्टरसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि बाईंनी थोडक्यात सांगावं असं सुचवलं.

वहिनी उभ्याच होत्या. "सिस्टरांना वाटतं, त्यांच्या वाइटावर असलेल्या कुणीतरी बॅज मशीनखाली ठेवला. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. पण तसं करायचं तर दोनच वाटा आहेत. एक म्हणजे रुग्ण नसताना मशीन चालवायचं. नोंद सांगते की तसं एक सेकंदही झालेलं नाही."

तंत्रज्ञाने सुस्कारा सोडला.

"दुसरी वाट म्हणजे रुग्णाच्या वेळी बॅज गुपचूप टेबलावर सरकवायचा. तसं असतं तर तो सगळ्या चित्रांत एकाच जागी, सपाट पडलेला दिसला असता. तो तीन चित्रांत दिसतो. प्रत्येक वेळी वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या कलाने. तो पडलेला नव्हता. कुणाच्या तरी छातीवर होता आणि ते माणूस मुलावर वाकलं होतं."

वहिनी डॉक्टरसाहेबांकडे वळल्या.

"बॅज खोटं बोललेला नाही, डॉक्टरसाहेब. सतरा हा आकडा खरा आहे. फक्त तो सिस्टरांचा नाही. त्या तेव्हा आईच्या उशाशी बसल्या होत्या. आपण सगळे विचारत राहिलो, हे कुणी केलं. विचारायला हवं होतं, हे कुणाला झालं."

"कुणाला?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला. अकराही वेळा आत तुम्ही होतात. एप्रन एकच होता आणि तो तुमच्या अंगात होता. मूल कोण धरतंय ते तुम्ही बघितलंत?"

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "मी पडद्याकडे बघत होतो," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता.

वहिनी पुढे सांगत गेल्या. विभागातल्या बाकीच्या सातही जणांचे बॅज त्या दिवसांत आपापल्या मालकांकडे होते, त्यांचे आकडेही नेहमीचेच. म्हणजे सिस्टरांचा बॅज लावणारं माणूस असं हवं, ज्याला स्वतःचा बॅज मिळत नाही, तरी आत जावं लागतं. म्हणजे वॉर्डातली नर्स. पण दुसऱ्याचा बॅज तिने का लावावा? बॅज कुणालाही वाचवत नाही, तो फक्त मोजतो. याचं उत्तर सिस्टरांच्या त्या कागदांमध्ये होतं. बॅज लावला की किरणं बाधत नाहीत असं मानणाऱ्या एकोणीस जणी याच इमारतीत होत्या, आणि खरं काय ते त्यांना सांगण्याचा दिवस दोनदा पुढे ढकलला गेला होता.

मेट्रननी मान खाली घातली.

"एक नर्स मला म्हणाली, रक्षण घेतल्याशिवाय मी आत जात नाही. एप्रन तर तिथे नव्हताच. मग कसलं रक्षण? नंतर तिने विचारलं, बॅजवरचा आकडा अंगात तर जात नाही ना? जिचा बॅजशी संबंध नाही, तिला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं."

वहिनींनी नवव्या मुलाचं चित्र टेबलावर ठेवलं. कोणाचंही नाव घेतलं नाही. त्या हाडांच्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली होती. तंत्रज्ञाने नकळत स्वतःच्या हाताकडे बघितलं. मेट्रननी आपली बोटं एकमेकांत गुंफली.

दाराजवळची खुर्ची सरकली. चिमणी टेबलापाशी आली आणि तिने आपला उजवा हात त्या चित्राशेजारी ठेवला.

"चोरायचा नव्हता," ती म्हणाली. "संध्याकाळी परत लावून ठेवायचे. पहिल्या दिवशी एप्रन मागितला होता. एकच आहे म्हणाले. मग वाटलं, सिस्टर रजेवर आहेत, त्यांचा बॅज नुसताच लटकतोय."

"आणि सिस्टरांवर बालंट आलं तेव्हा?" मेट्रननी विचारलं. "तोंड उघडता आलं नाही?"

चिमणी सिस्टरांकडे बघून म्हणाली, "मला दिवस गेलेत. तेव्हा नुकतंच कळलं होतं. आधी एकदा टिकलं नव्हतं, म्हणून घरीही कुणाला सांगितलेलं नाही. इथे कळलं तर नेमणूक वाढवणार नाहीत असं वाटलं. रोज ठरवायचे, आज सांगायचं. तुमच्या दारापर्यंत दोनदा आले होते."

दोन दिवस सिस्टर एका शत्रूच्या शोधात होत्या. तो सापडला की त्याला काय काय सुनवायचं, हे त्यांनी मनात घोळवून ठेवलं असणार. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि चिमणीला खुर्चीत बसवलं.

"मी पंचवीस प्रश्न विचारले," त्या म्हणाल्या, "आणि उत्तरं कपाटात ठेवली. व्याख्यानाची वाट कशाला बघायची होती मी?"

चिमणीने त्यांचा पदर धरला. "बाळाला काही झालं असेल का?"

सिस्टरांना अंदाज होता, पण अशा वेळी अंदाजाने बोलायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी बाहेरच्या बाकावर बसलेल्या भौतिकतज्ज्ञांना आत बोलावलं.

*

त्या गृहस्थांनी दीड तास घेतला. टेबलाची उंची, मशीनची मिनिटं, बॅज छातीवर नेमका कुठे होता, चिमणी किती वाकायची, सगळं त्यांनी विचारलं आणि एकदा मेट्रनना मुलाच्या जागी उशी धरून उभं केलं. तोवर बोळात वहिनींच्या इतक्या फेऱ्या झाल्या की बाकावरचे रुग्ण पाय आखडून घेऊ लागले. भाऊजींनी त्यांना पाणी आणून दिलं, ते त्यांनी पेला हातात धरून तसंच ठेवलं.

"तुम्हाला बुधवारीच कळलं होतं," भाऊजी म्हणाले. "तो चहाही तुम्ही बघितला होता."

"कळलं होतं, म्हणूनच बसवत नव्हतं."

शेवटी तज्ज्ञ बाहेर आले. बॅज थेट किरणांच्या झोतात गेला होता, म्हणून आकडा सतरा. पोट झोताच्या बाहेर होतं. तिथे पोहोचलेला आकडा दोनच्या आत. काळजीला जागा शंभराच्या पुढे सुरू होते. गरोदर बाईसाठी घालून दिलेली एकाची मर्यादा ओलांडली गेली होती, आणि ते घडायला नको होतं, हे त्यांनी लिहून दिलं. पण बाळाला इजा व्हावी असं काही झालेलं नव्हतं.

चिमणीने ते दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा सिस्टरांनी वाचून दाखवलं.

चौकशीच्या कागदावर डॉक्टरसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, की त्या अकराही वेळी खोलीत आपण होतो आणि एकमेव एप्रन आपल्या अंगात होता. माफीचे शब्द मात्र त्यांना जमले नाहीत. निघताना सिस्टरांसमोर थांबले, सहा एप्रन मागवलेत आणि वॉर्डांतल्या नर्सनाही बॅज मिळतील असं काहीतरी पुटपुटले आणि घाईने निघून गेले. सिस्टरांची नोंद दुरुस्त झाली. चिमणीची नेमणूक वर्षभराने वाढली, काम मात्र बाळंतपणापर्यंत फक्त वॉर्डातलं. मेट्रननी त्याच दुपारी चार वाजता साठ खुर्च्या मांडून घेतल्या. सिस्टर साडेसहापर्यंत बोलत होत्या आणि मेट्रन पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होत्या.

शनिवारी सकाळी सिस्टर चिमणीला घेऊन सोनोग्राफीच्या खोलीत गेल्या. तीन महिने होत आले तरी तिने ही तपासणी टाळली होती. तिचा नवरा बाहेर बसला होता. त्याला आदल्या दिवशी कळलं होतं आणि तो अजून गोंधळलेलाच होता.

चिमणीने डोळे घट्ट मिटले होते. पोटावर गार जेल पडल्यावर ती दचकली.

"यात किरणं नसतात," सिस्टर तिच्या उशाशी बसत म्हणाल्या. "नुसता आवाज असतो, आपल्याला ऐकू न येणारा."

"मला आता माझ्याच माहितीची खात्री वाटत नाही."

"मग विचार. मनात येईल ते विचार."

ती विचारू लागली. आवाजाने बाळ दचकत नाही ना? किती वेळ चालतं हे? सारखं केलं तर? सिस्टर एकेक उत्तर देत गेल्या, न कंटाळता, लहान मुलाला समजावावं तसं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. चिमणीने एक डोळा उघडला, मग दुसरा. करड्या धुक्यात मध्यभागी काहीतरी इवलंसं, भराभर लुकलुकत होतं.

"ते काय हलतंय?" तिने विचारलं.

"बाळाचं हृदय," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.